मूळ प्रत कोणाकडे?

सर, नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्या केंद्रात ११ शाळा आणि आम्ही ३४ शिक्षक. घटक चाचण्या, टाचणं (पाठाच्या पूर्वतयारीच्या नोंदी), स्वाध्यायपत्रिका आम्ही वाटून घेऊन तयार करतो आणि ईमेलला जोडून एकमेकांना पाठवतो. 'मॅडमला संगणक येतो' म्हणून जुळवाजुळव माझ्याकडे. मागच्या पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या चाचणीत एक प्रश्न होता : तापी नदी कोणत्या दिशेला वाहते? पर्याय : पूर्व, उत्तर, दक्षिण आणि पुन्हा दक्षिण. चूक दोन दिवस आधीच कळली होती, दुरुस्त फाईल मी सगळ्यांना पाठवलीही होती. तरी सात शाळांनी जुनीच छापली. आमची मुलं तापीकाठची! एकाने चौथा पर्याय खोडून हाताने 'पश्चिम' लिहिलं. शिक्षण परिषदेत बोलणी मात्र मी खाल्ली. माझ्या मेलमध्ये आता 'चाचणी अंतिम', 'चाचणी अंतिम २' आणि 'चाचणी खरी अंतिम' अशा तीन फाईली आहेत. लिंक पाठवू का विचारलं, तर दोन ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, 'लिंक-बिंक नको मॅडम, सरळ मेल करा. लिंकवर कोणी काही खोडलं तर?' शिवाय पाड्यांवरच्या तीन शाळांत नेट धड चालत नाही. काय करू?

ता. क. नव्या फाईलला नाव काय द्यावं तेही सांगा. हसू नका.

– एक शिक्षिका, चोपडा तालुका

ताई,

हसलो, पण नावाला नाही. त्या 'पश्चिम' लिहिणाऱ्या पोराला दाद दिली. त्याला पूर्ण गुण मिळाले असतील असं धरून चालतो.

आधी त्या सात शाळांचं काय झालं असेल ते सांगतो, म्हणजे बोलणी कोणाला बसायला हवी होती ते कळेल. तुम्ही पहिली फाईल पाठवली, गुरुजींनी फोनवर उतरवून घेतली. दोन दिवसांनी त्याच नावाची दुरुस्त फाईल आली, तीही उतरवली. फोनने दुसरीच्या नावापुढे गुपचूप कंसात १ लावला आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. छापायला झेरॉक्सच्या दुकानात गेल्यावर 'डाउनलोड'मध्ये नाव शोधलं, साध्या नावाची दिसली, तीच दिली. कंसात १ असलेली कोण उघडतं? सगळ्यांना ती जादाची प्रत वाटते. म्हणजे गुरुजींनी मेल वाचला होता, फाईलही घेतली होती आणि तरी छापली जुनीच. तुम्ही अजून चार मेल पाठवले असते तर कंसात २, ३, ४ आले असते, दुसरं काही झालं नसतं.

मेलला फाईल जोडण्याची ही सोय १९९२ सालची आहे. ती बनवणाऱ्यांना एका माणसाकडून दुसऱ्याकडे चित्र, आवाज पाठवायचे होते आणि त्या कामाला ती आजही उत्तम आहे. पण ३४ जणांनी मिळून एक चाचणी तयार करायची म्हटली की ती सोयच उलटते. तुम्ही ६ एमबीची फाईल पाठवता तेव्हा ३४ जणांकडे मिळून २०४ एमबी साठतात. त्यात जोडलेली फाईल मेलमधून जाताना अक्षरांत बदलली जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. जीमेलची मर्यादा २५ एमबीची असली तरी २२-२३ची फाईल अडू शकते ती यामुळेच. पण एमबीचं सोडून द्या. खरी अडचण ही की पाठवल्याक्षणी ३४ मूळ प्रती तयार होतात आणि त्यातली खरी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही.

तुमच्या शेजारीच, अमळनेरला, साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढायचे. हस्तलिखित म्हणजे प्रत एकच. ज्याला वाचायचं तो तिच्याजवळ येणार. गुरुजींनी त्यातला एखादा शब्द खोडून सुधारला तर पुढचा वाचणारा सुधारलेलाच वाचणार. लिंक म्हणजे एवढंच. फाईल जागची हलत नाही, माणसं तिच्याकडे येतात. तुमच्या ज्येष्ठ गुरुजींना 'क्लाउड' वगैरे सांगायला जाऊ नका, हे सांगा.

आणि एक, हा आजार फक्त मेलचा नाही. 'मेल बंद, आता व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो' असं कोणी म्हणालं तर मान हलवू नका. ग्रुपवर पीडीएफ टाकली तरी ३४ फोनवर ३४ प्रती उतरतातच. वर आणखी त्रास म्हणजे तीन महिन्यांनी जुनी फाईल उघडायला गेलं की ती मिळत नाही आणि 'परत टाका मॅडम' सुरू होतं. ग्रुपवर लिंक टाका, फाईल नको.

आता कामाचं.

केंद्राच्या नावाचं एक वेगळं गूगल खातं काढा आणि सामायिक फाईली त्याच्या 'ड्राइव्ह'मध्ये, म्हणजे गूगलच्या इंटरनेटवरच्या कपाटात, ठेवा. लिंक तिथल्या फाईलची पाठवायची. तुमच्या स्वतःच्या खात्यात हे सगळं ठेवू नका, हे मी हात जोडून सांगतो. उद्या तुमची बदली होईल, तुम्ही नव्या तालुक्यात रुळाल आणि इकडून रात्री नऊला फोन येईल, 'मन्ही फाईल कोठे गयी, ताई?' खात्याचा पासवर्ड दोघांकडेच हवा, तुमच्याकडे आणि केंद्रप्रमुखांकडे. परत मिळवण्यासाठीचा फोन नंबर केंद्रप्रमुखांचा द्या आणि त्यांची बदली झाली की त्याच आठवड्यात तो बदला. पासवर्ड सगळ्यांना वाटण्याचा मोह होतो. तो आवरा. नव्या फोनवरून कोणी उघडलं की गूगल खातरजमा मागतं, कोड जातो भलत्याच्याच फोनवर आणि तो त्या वेळी मोटरसायकलवर असतो. बाकीच्यांनी आपापल्या खात्यातूनच यायचं. फुकटच्या खात्यात १५ जीबी जागा मिळते, मेल आणि फोटो धरून. शब्दांच्या फाईलींना ती वर्षानुवर्षं पुरेल, फक्त स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ त्यात कोंबू नका. आणखी एक नियम लक्षात असू द्या : सलग दोन वर्षं कोणी उघडलंच नाही तर असं वैयक्तिक खातं गूगल आतल्या फाईलींसकट पुसू शकतं. डिसेंबर २०२३ पासून हे सुरू झालं आहे. निवृत्त शिक्षकांच्या खात्यात अडकलेली चांगली टाचणं आजच केंद्राच्या खात्यात आणून ठेवा.

'कोणी काही खोडलं तर?' गुरुजींचा हा प्रश्न रास्त आहे, त्याला हसण्यावारी नेऊ नका. मी स्वतः पोळलो आहे. सेवेत असताना एका केंद्राची गुणांची एकत्र शीट मी तयार केली आणि 'लिंक असलेला कोणीही बदल करू शकतो' असं ठेवून ग्रुपवर सोडली. रात्री कोणीतरी नावं अकारविल्हे लावली. फक्त नावांचा रकाना निवडला आणि क्रमाने लावला. नावं हलली, गुण जागेवरच राहिले. सकाळी बघतो तो वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी गणितात १०० पैकी ११ घेऊन बसलेली! कोणी केलं ते शोधायला गेलो, तर उघड्या लिंकवरून आत येणाऱ्याला गूगल एखाद्या प्राण्याचं नाव देतं. मला कळलं ते एवढंच की रात्री कोणी अनामिक प्राणी येऊन गेला. तो दोन पायांचा होता याबद्दल माझी खात्री आहे.

फाईल मात्र वाचली, कारण तिला मागचं आठवतं. 'व्हर्जन हिस्टरी' उघडली की कोणत्या दिवशी किती वाजता फाईल कशी होती ते दिसतं आणि एका बोटाने ती पूर्ववत करता येते. मी आदल्या संध्याकाळची आवृत्ती परत आणली, पाच मिनिटांचं काम. हे तुम्ही त्या दोन गुरुजींसमोर करून दाखवा. त्यांनाच एक परिच्छेद खोडायला सांगा आणि परत आणून दाखवा. वहीत खोडलेलं परत येत नाही, मेलमधलं चुकीचं परत बोलावता येत नाही, इथे दोन्ही जमतं. महत्त्वाच्या टप्प्याला, म्हणजे 'छपाईसाठी मंजूर' वगैरे, त्या आवृत्तीला तिथेच नाव देऊन ठेवा, म्हणजे नंतर शोधाशोध होत नाही.

पण मुळात सगळ्यांना बदल करण्याचा हक्क देण्याची गरजच नाही. हक्क तीन प्रकारचे असतात : नुसतं पाहणं, शेरा लिहिणं आणि बदल करणं. तुमच्या ३४ जणांपैकी त्या चाचणीवर प्रत्यक्ष काम करणारे तीन-चार. बदल फक्त त्यांना, तेही त्यांच्या मेल पत्त्याने. बाकीच्यांना शेरा. शेऱ्याचा हक्क असलेला माणूस फाईलमध्ये सुचवणी करू शकतो, ती रंगीत दिसते आणि तुम्ही 'बरोबर'वर टिचकी मारेपर्यंत मूळ मजकूर तसाच राहतो. आपल्या लाल पेनासारखंच. 'चौथा पर्याय पश्चिम हवा' एवढा शेरा पडला असता तर त्याच जागी दुरुस्ती झाली असती आणि अकराही शाळांनी तीच छापली असती.

गुणांच्या शीटमध्ये मात्र प्रत्येक शाळेला लिहावंच लागतं. तिथे 'प्रोटेक्ट रेंज' वापरा : ज्या शाळेची ओळ तिलाच ती बदलता येते. आणि कोणाला क्रम लावून बघायचाच असेल तर 'फिल्टर व्ह्यू' शिकवा, त्यात क्रम फक्त त्यालाच बदललेला दिसतो. मला हे त्या हुशार पोरीच्या ११ गुणांनंतर कळलं.

टाचणांचं वेगळं. टाचण प्रत्येकाला आपलं हवं असतं, तारीख आपली, वर्गाची पटसंख्या आपली. एकाच टाचणात सगळे लिहायला लागले तर गोंधळ. त्यासाठी एक युक्ती आहे. फाईलच्या लिंकमध्ये शेवटी तिरक्या रेषेनंतर 'एडिट' हा इंग्रजी शब्द असतो. तो आणि त्यापुढचं सगळं पुसा, त्या जागी इंग्रजीत 'कॉपी' लिहा आणि ती लिंक पाठवा. उघडणाऱ्याला गूगल विचारतं, प्रत करून घेऊ का? 'हो' म्हटलं की त्याची स्वतंत्र प्रत त्याच्या खात्यात. तुमच्या मूळ टाचणाला कोणाचा हात लागत नाही.

लिंक ग्रुपवर टाकण्याआधी ब्राउझरच्या गुप्त खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोत, स्वतः एकदा उघडून बघा. तिथे तुम्ही परक्या असता. तुम्हाला उघडली तर सगळ्यांना उघडेल. नाहीतर रात्रभर 'मॅडम, परवानगी मागतंय' हा एकच जप चालतो.

आता तो विषय, ज्याच्यामुळे निम्मी केंद्रं लिंकवर जातात आणि महिन्याभरात मेलवर परत येतात. फॉन्ट. आपल्या शाळांमधल्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये टंकलेल्या आहेत. या फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने साठलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांना मराठी मुखवटा चढवतो. ज्या संगणकात तो फॉन्ट नाही तिथे मुखवटा गळतो. फोनवर किंवा गूगल डॉक्समध्ये उघडली की 'शाळा'च्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि टिंबं यांची खिचडी दिसते आणि गुरुजी म्हणतात, 'बघा, लिंकने फाईल खराब केली.' लिंकचा त्यात काही दोष नाही, पण तुम्ही सांगितलं तरी ते कोणाला पटणार नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून सामायिक फाईल युनिकोडमध्येच. युनिकोडमध्ये 'श' हा 'श' म्हणूनच साठतो, म्हणून तो फोनवर, संगणकावर, कुठेही सारखा दिसतो आणि शोधताही येतो. जुन्या फाईली बदलून देणारी साधनं आहेत, पण बदलल्यावर डोळ्याखालून घाला. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि 'सुऱ्या', 'वाऱ्या' मधला तो अर्धा र इथे हमखास घोळ होतो, कारण जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते. सगळ्या जुन्या फाईली एकदम बदलायला बसू नका. ज्या चाचणीची या महिन्यात गरज आहे तेवढीच बदला. वर्षभरात होतात. ज्यांना युनिकोडचा कळफलक नकोसा वाटतो त्यांना फोनवर मराठीत बोलून लिहिता येतं हे दाखवा. पन्नाशीपुढच्या कितीतरी शिक्षकांचे हात कळफलकावर अडतात, जीभ अडत नाही.

पाड्यांवरच्या तीन शाळा. ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्ये फाईलवर 'ऑफलाइन उपलब्ध' अशी खूण करता येते. परिषदेला केंद्रशाळेत आल्यावर तिथल्या वायफायवर महिन्याच्या चार-पाच फाईली अशा करून घ्यायच्या. मग पाड्यावर नेट नसलं तरी त्या उघडतात, त्यात लिहिताही येतं आणि शिक्षक खाली उतरून रेंजमध्ये आले की बदल आपोआप वर जातात. अट एकच : एकच परिच्छेद इकडे तुम्ही आणि तिकडे नेटविना त्यांनी बदलू नये. त्या शाळांना त्यांचा स्वतंत्र भाग वाटून द्या. मुलांची घरची बोली पावरी असेल तर पहिली-दुसरीच्या शब्दपट्ट्या त्यांच्याकडेच द्या. ते काम बाकीच्या आठ शाळांना तसंही जमणार नाही.

काही गोष्टी लिंकवर ठेवूच नका. मुलांची नावं, आधार क्रमांक, बँक खाती असलेली शीट 'लिंक असलेल्या कोणालाही' कधीही नाही. लिंक पुढे ढकलली जाते, पुढे कुठे जाते ते कोणी बघत नाही. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायला सांगितलं आहे. यात एक छुपा खड्डा आहे : फोल्डरला दिलेली परवानगी आतल्या प्रत्येक फाईलला लागू होते. टाचणांच्या उघड्या फोल्डरमध्ये कोणी घाईत शिष्यवृत्तीची यादी टाकली की तीही उघडी. म्हणून मुलांच्या माहितीचा फोल्डर पूर्ण वेगळा, आणि तो फक्त दोन-तीन नावांना.

परीक्षेआधीची प्रश्नपत्रिकाही तशीच, नावानिशी चौघांना. छपाईच्या दिवशी तिची पीडीएफ काढून मुख्याध्यापकांना मेलने पाठवा. हो, मेलने, जोडून. झेरॉक्सवाल्याकडे लिंक उघडत बसायची नसते. सही-शिक्क्याचं पत्र, मंजूर परिपत्रक, छपाईची प्रत : ज्यात आता बदल व्हायचा नाही ते खुशाल जोडून पाठवा. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मात्र स्वतःच्या फोल्डरमध्ये चढवू नका. बालभारतीच्या संकेतस्थळाचीच लिंक द्या, पुस्तक सुधारलं की तुमचीही प्रत सुधारते.

राहिले ते दोन गुरुजी. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यातल्या एकांना छपाईआधीचा शेवटचा वाचक नेमा. फाईल तुम्ही छापून त्यांच्या हातात द्या, ते लाल पेनाने तपासतील, त्या दुरुस्त्या एखादा तरुण शिक्षक त्यांच्या शेजारी बसून फाईलमध्ये चढवेल. दोन-तीन महिन्यांत ते स्वतःच फोनवर शेरा लिहायला लागतात. मी हे दोनदा पाहिलं आहे. आणि माझ्या ओळखीच्या आणखी एका गुरुजींनी शेवटपर्यंत फोन हातात घेतला नाही, पण त्यांच्या तपासलेल्या पेपरात कधी चूक निघाली नाही. तुमचे गुरुजी तसे निघाले तर त्यांना कागदच द्या.

सगळं एकदम सुरू करू नका. पुढच्या परिषदेत फक्त पाचवीच्या परिसर अभ्यासाची चाचणी लिंकवर आणा. तापीचा प्रश्न त्यात पुन्हा ठेवा.

ता. क.चं उत्तर : इयत्ता, विषय, घटक, शैक्षणिक वर्ष, बस. 'पाचवी – परिसर अभ्यास भाग १ – घटक चाचणी २' आणि पुढे वर्ष. 'अंतिम' हा शब्द नावात नको. आणि ती 'खरी अंतिम' पुसून टाका, पण त्याआधी तिच्यात पश्चिम आहे ना, ते एकदा बघा.